चार ते सहाची घंटा

घंटा कुठलीही वाजो, शाळेची, देवळाची नाहीतर सायकलवरच्या कुल्फीवाल्याची, त्यांचा डावा हात आपोआप वर यायचा आणि अंगठा करंगळीच्या खालच्या पेरावर जाऊन बसायचा. समोरचा काय बोलतोय याच्याशी त्या घडीला त्यांना काही देणंघेणं नसे. “आदी मोज. मगे बोल,” म्हणायचे. कुल्फीवाला वळणापलीकडे गेला की अंगठा पेरावरून उतरायचा आणि बोलणं जिथे तुटलं होतं तिथून पुन्हा सुरू व्हायचं.

आमच्या गावातल्या चर्चची घंटा त्यांच्याकडे होती. गाव मालवणहून रिक्षाने अर्ध्या तासावर, एका बाजूला खाडी आणि दुसऱ्या बाजूला समुद्र. खाडीच्या तोंडाशी छोटंसं टेकाड आहे, त्याच्यावर चर्च. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, वर चुना, त्याच्या वर कौलं. फादर पंधरा दिवसांतून एकदा येत. बाकीचे सगळे दिवस झाडलोट, मेणबत्त्या, किल्ली आणि घंटा हे यांचं काम. चर्चच्या मागच्या खोलीत ते आणि त्यांची बायको, आमच्या काकी, दोघंच राहत. होडीवाले त्यांना ‘पात्रांव’ म्हणायचे. पात्रांव म्हणजे मालक. दोन सदरे आणि एक जुनी सायकल एवढीच ज्याची मालमत्ता, त्याला मालक म्हणण्यात थोडी थट्टा होती आणि बराचसा मान होता. मीही पात्रांवच म्हणायचो.

आता ती घंटा काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आमच्या गावात माणूस गेलं की ती वाजते. ख्रिस्तांव असो की हिंदू, कुठल्याही घरातलं असो. कधीकाळी एक होडी बुडाली होती आणि तिच्यात दोन्हीकडची माणसं होती, तेव्हापासून हे सुरू झालं म्हणतात. पुरुषासाठी तीन ठोके, बाईसाठी दोन. असं तीन वेळा. मधे विश्रांती, ती किती, तर मनातल्या मनात एकदा ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना म्हणून होईल इतकी. घंटा सुरू झाली की गाव जिथल्या तिथे थांबायचं. जाळं विणणारा सुई खाली ठेवायचा, मासे चिरणारी बाई विळीवरून हात काढायची, आणि सगळे पेरांवर मोजायचे. मोजून झालं की प्रत्येक घरातून एक माणूस बाहेर पडायचा. कुणाच्या घरी जायचं ते वाटेत कळायचंच.

माझे वडील गेले तेव्हा मी मुंबईला होतो. रात्रभराचा प्रवास करून सकाळी पोचलो तर आमच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. लाकडं आली होती, मडकं आलं होतं, कुणीतरी चहासुद्धा ठेवला होता. मी आईला विचारलं, एवढ्यांना फोन कुणी केले? आई म्हणाली, “फोन कित्या? पात्रांवान मारल्यान मा.” त्या सकाळी मला या गावाबद्दल जे वाटलं त्यासाठीच मी पुढे नोकरी सोडून इकडे राहायला आलो. निदान लोकांना तरी मी हेच कारण सांगतो.

ऐकीव बातमीवर त्यांनी कधी घंटा मारली नाही. स्वतः जायचे, माणसाच्या नाकाशी हात धरायचे, मग टेकाड चढायचे. “बगल्याशिवाय मी दोराक हात लावचंय नाय. जित्या माणसाची घंटा मारलंय तर देव माका इचारतलो.” एकदा वाडीतल्या एका म्हाताऱ्याला घरच्यांनी गेला म्हणून खाली घेतलं होतं. रडारड सुरू झालेली. पात्रांव आले, वाकले, नाकाशी हात नेला, तर म्हाताऱ्याने डोळे उघडून विचारलं, “चाय ठेवल्यानी काय?” तो त्यानंतर चार वर्षं जगला आणि चारही वर्षं सुनांना त्या रडण्यावरून टोमणे मारत राहिला. पात्रांव दिसले की म्हणायचा, “तू होतस म्हणान वाचलंय.”

घंटा मारायची त्यांची एक रीत होती. आधी चपला काढायच्या. खिशातला रुमाल दोराला गुंडाळायचा. मग दोर दोन्ही हातांनी सावकाश खाली घ्यायचा आणि सोडायचा. “दोर ओढूचो नसता, सोडूचो असता,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून शंभरदा ऐकलं असेल. ओढली की घंटा किंचाळते, सोडली की बोलते, असं त्यांचं म्हणणं.

आणि अशा माणसाच्या घंटेशी मी काय केलं, ते आता सांगतो.

मी आलो, वडिलांच्या घराला चार खोल्या जोडल्या आणि होमस्टे काढला. पहिली दोन वर्षं बरी गेली. मग गावात घराघरावर पाट्या लागल्या आणि पाहुण्यांना आपल्याकडे ओढायला काहीतरी वेगळं हवं झालं. किल्ला सगळेच दाखवत होते, डॉल्फिनही सगळ्यांचेच होते. एकदा पुण्याचं एक जोडपं उतरलं. ती दोघं नुकतीच इटलीला जाऊन आली होती. त्यांना संध्याकाळी फिरायला टेकाडावर नेलं. वरून खाडी दिसते, माड दिसतात, पांढरं चर्च आणि मागे समुद्र. बाई तिथेच उभी राहिली आणि म्हणाली, “अहो, हे तर अगदी तेच आहे.” मग तिने मला त्या गावाचं वर्णन ऐकवलं. कड्यावरून समुद्रापर्यंत उतरत आलेली रंगीत घरं, लिंबांच्या बागा, छोटं बंदर, रंगीत कौलांचा घुमट असलेली जुनी चर्चं. लोक मुद्दाम ती बघायला जातात. एका चर्चच्या मनोऱ्यावर तर चढू देतात, आणि वर गेलं की घंटा वाजवता येते. तिने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. ती दोर ओढत होती आणि हसत होती.

आठवड्याच्या आत माझ्या पाटीवर नवीन ओळ आली: ‘इटली कशाला? आमचं गाव बघा.’ खाली चर्चचा फोटो, आणि ‘तीनशे वर्षं जुनी घंटा स्वतः वाजवा.’ घंटा किती जुनी हे कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या हंगामात मी तिला साडेतीनशे केली. पात्रांवांनी ते वाचलं आणि म्हणाले, “एका वर्सात पन्नास वर्सां वाढली. ही माज्यापेक्षा बेगीन म्हातारी होता.”

पण त्याआधी त्यांची परवानगी घ्यावी लागली होती. मी गेलो तेव्हा ते समईसारखी पितळेची मेणबत्तीदाणी चिंचेने घासत बसले होते. मी इटलीचं सगळं सांगितलं. ते घासत राहिले.

“इटलीत मेल्या माणसाची घंटा मारतत काय रे?”

“मारत असतील.”

“मगे थंयचे लोक मोजतत कशे? फोटोवाले दोर ओढतत मा?”

“त्यांच्याकडे वेगवेगळ्या घंटा असतील.”

“आमच्याकडे एकच आसा,” ते म्हणाले.

मी गप्प बसायला हवं होतं. त्याऐवजी मी कौलांचं काढलं. पावसात चर्च गळत होतं, पाहुणे आले तर पेटीत काहीतरी पडेल, कौलं बदलता येतील. ते खरंही होतं, त्यामुळे मला बोलायला जोर आला. बऱ्याच वेळाने त्यांनी मेणबत्तीदाणी खाली ठेवली. “तुज्या बापाशीची घंटा मी मारलंय. तुका नाय कसा म्हणू?” मग अट घातली: एकच ठोका. दोन नाही, तीन नाही. आणि ते स्वतः शेजारी उभे असतील तेव्हाच. एक ठोका कुणाच्याच मरणाचा नसतो, म्हणून गाव फसणार नाही.

एक हंगाम हे नीट चाललं. पाहुणे आले की ते सदऱ्याचं वरचं बटण लावायचे आणि कचेरीतल्यासारखं मराठी बोलायला लागायचे. “कृपया पादत्राणे बाहेर ठेवावीत. दोर ओढावयाचा नाही, सोडावयाचा आहे. एक म्हणजे एकच.” लोकांना ते फार आवडायचं. माझ्या होमस्टेबद्दल लोक जे लिहून जात त्यात माझ्या सुरमईपेक्षा जास्त कौतुक ‘चर्चमधल्या गोड आजोबां’चं असायचं. मला मनातून थोडा रागही यायचा.

दुसऱ्या हंगामात ते एका सकाळी मेणबत्त्या आणायला मालवणात गेले होते आणि चर्चची किल्ली विश्वासाने माझ्याकडे ठेवून गेले होते. माझ्याकडे तीन तरुण मित्र उतरले होते, त्यांना दुपारी निघायचं होतं. घंटा वाजवल्याशिवाय कसं जायचं, म्हणाले. मी किल्ली दिली. बरोबर गेलो नाही, कारण स्वयंपाकघरात दुपारच्या जेवणाचे मासे तळायचे होते. एकच ठोका, हे सांगितलं की नाही तेसुद्धा आज मला नक्की आठवत नाही.

तिघांना प्रत्येकी एक फोटो हवा होता. एकाने तीनदा दोर ओढला. मग मोबाइल दुसऱ्याच्या हातात गेला, त्याने तीनदा ओढला. मग तिसऱ्याने. मोबाइल एका हातातून दुसऱ्या हातात जायला जितका वेळ लागतो तितकाच ‘आमच्या बापा’ म्हणायला लागतो.

माझ्या घरापासून चौथ्या घरात एक बाई होती. तिचा नवरा छातीत दुखतं म्हणून दोन दिवसांपूर्वी तालुक्याच्या दवाखान्यात नेलेला. ती अंगणात धुणं वाळत घालत होती. तिने मोजलं. तीन, तीन, तीन. गावात दुसरं कुणी आजारी नव्हतं. तिने उंबऱ्यावर दोन्ही हात आपटले आणि काकणं फोडली.

मी तवा टाकून धावलो तेव्हा तिच्या मनगटातून रक्त येत होतं आणि प्रत्येक घरातून एक माणूस त्या अंगणात येत होता. समुद्रात गेलेल्या दोन होड्या परत फिरल्या होत्या. मग दवाखान्यातून दिराचा फोन आला, भाऊ पेज मागतोय म्हणून. कुणाला काय करावं ते कळेना. रडायला आलेली माणसं उभीच राहिली. तिची सासू तेवढी बोलली. नवरा जिवंत असताना हात मोकळे केले, आता याचं काय होणार, असं ती पुन्हापुन्हा म्हणत होती, आणि सून भुंड्या हातांनी भिंतीला टेकून बसली होती.

पात्रांव रिक्षातून उतरले ते मेणबत्त्यांचं पुडकं घेऊन तिथेच आले. “घंटा कोणी मारल्यान?” लोकांनी त्यांनाच विचारलं, कारण घंटा त्यांची. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. किल्ली माझ्या खिशात होती, मांडीला टोचत होती.

“माजी चूक,” ते म्हणाले. “माका माफ करा.”

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मालवणात गेले आणि डझनभर हिरवी काकणं घेऊन आले. त्या घराच्या दारात जाऊन उभे राहिले. सासूने काकणं घेतली नाहीत. ख्रिस्तांवाच्या हातची म्हणून नव्हे, घंटेवाल्याच्या हातची म्हणून. नवरा आठवड्याने चांगला बरा होऊन घरी आला, अजून आहे, पण त्या बाईने पात्रांवांकडे पुन्हा कधी मान वर करून बघितलं नाही. वर्तमानपत्रात बांधलेली ती काकणं घंटेच्या दोराशेजारच्या खिळ्याला लटकत राहिली. खरं तर ती काकणं मी आणायला हवी होती. ‘किल्ली मी दिली’ एवढे तीन शब्द मी त्या अंगणात बोललो असतो तरी पुरे होतं. मी भित्रा आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळल्यावरही मी काही केलं नाही.

मग बैठक झाली, माझ्याच अंगणात. काही म्हणाले, पाहुण्यांना घंटा बंदच करा. पण तोवर पाच-सहा घरांच्या पाट्यांवर घंटा आली होती आणि कौलंही निम्मी बदलून झाली होती. तोडगा मीच सुचवला. घंटेला वेळ ठरवून द्या. संध्याकाळी चार ते सहा पाहुण्यांसाठी. त्या वेळात गावाने मोजायचं नाही. बाकीच्या वेळात वाजली तर ती खरी. सगळ्यांना पटलं. एवढी साधी गोष्ट आधी कशी सुचली नाही, असंसुद्धा कुणीतरी म्हणालं.

पात्रांव शेवटच्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी एवढंच विचारलं, “मरणारो काय टायम बघून मरता?”

लोक हसले. मीही हसलो.

त्यानंतर चार ते सहा ते चर्चच्या पायरीवर घंटेकडे पाठ करून बसायचे, कानांत कापसाचे बोळे घालून. आत पाहुणे मनसोक्त दोर ओढायचे. त्यांनी ‘एक म्हणजे एकच’ म्हणणं सोडलं आणि बटण लावणंही सोडलं. कुल्फीवाला आला तरी हात वर यायचा नाही. लिहून जाणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं, ‘जागा सुंदर, पण तिथले आजोबा जरा खडूस आहेत.’

गावही बदललं. दोन तास मोजायचं नाही म्हणता म्हणता लोकांनी मोजणंच सोडलं. कोण गेलं ते मोबाइलवर कळायला लागलं, फुलांच्या चित्रासकट. एकदा सकाळी घंटा वाजली आणि तासाभराने ते माझ्या दारात आले.

“मोजलंस?”

“होय तर.”

“किती?”

“तीन-तीन,” मी म्हणालो.

“बायलमाणूस गेला हा,” ते म्हणाले आणि निघाले. फाटकाशी थांबून म्हणाले, “झिला, माका दुसरा काय नको. माजी घंटा वाजतली तेवा लोकांनी मोजूक व्हयी. इतक्याच.” मी म्हटलं, पात्रांव, काहीतरीच काय बोलताय.

गेल्या वर्षीची दिवाळीची सुट्टी. खोल्या भरलेल्या. ऑक्टोबरातली उकाड्याची संध्याकाळ होती, माडाचं पान हलत नव्हतं. पाचचा सुमार असेल. मी पडवीत नाशिकच्या एका कुटुंबाला चहा आणि खाजं देत होतो. घंटा वाजली. तीन ठोके. मग थांबली. पुन्हा तीन. ठोके थोडे दबके होते, ओढलेले नव्हते, सोडलेले होते. माझा अंगठा करंगळीच्या पेरावर गेला. हे मी खोटं सांगणार नाही, तो गेला होता.

“कसली हो घंटा?” नाशिकच्या बाईंनी विचारलं.

“आमच्या चर्चची. पाहुणे वाजवत असतील,” मी म्हणालो. “चार ते सहा परवानगी असते. तुम्हीपण जाऊन या, सूर्यास्त छान दिसतो वरून.”

तेवढ्यात आणखी तीन वाजले. मी चहाची किटली उचलली.

ती मंडळी साडेसहाला परत आली. सूर्यास्त फार छान होता, म्हणाली. “घंटा काही वाजवली नाही आम्ही. दोर वर गुंडाळून ठेवला होता. एक आजी बसल्या होत्या पायरीवर. आम्हाला बघून उठल्या आणि विचारलं, तुम्ही कोणाच्या घरातून आलात. आम्ही सांगितलं, नाशिकहून. मग परत बसल्या.” मुलीने मोबाइल पुढे केला. “फोटो बघा ना काका, किती मस्त आलाय.”

फोटो खरंच चांगला होता. संध्याकाळचं ऊन, पांढरी भिंत, काळा पोशाख घातलेली म्हातारी बाई पायरीवर हात जोडून बसलेली. तिच्या मागे चर्चचं दार सताड उघडं. दारातून आतला एक बाक दिसत होता, बाकावर पांढरी चादर, चादरीतून बाहेर आलेली दोन पावलं, आणि पावलांशी एक मेणबत्ती.

मी टेकाड कसा चढलो ते आठवत नाही. काकी तशाच बसल्या होत्या. पात्रांव चहा पिऊन आडवे झाले ते उठलेच नाहीत, म्हणाल्या. त्यांनी नाकाशी हात धरून दोनदा बघितलं होतं. मग आयुष्यात पहिल्यांदा दोराला रुमाल गुंडाळला होता. मग त्यांना बाकावर घेतलं, एकट्यांनी कसं घेतलं देव जाणे, आणि दार उघडं टाकून पायरीवर येऊन बसल्या होत्या, घराघरातून माणसं येतील म्हणून. दीड तास झाला होता.

“तूच इलस पयलो,” त्या म्हणाल्या. मग माझा हात धरून हळूच विचारलं, “मी तीन-तीनच मारलंय मा रे? मदी आमच्या बापा म्हटलंय. माका वाटता मी मोजूक चुकलंय. नायतर कोण इला नसता?”

खिळ्याला काकणांचं पुडकं होतं. खाली गावात दिवे लागले होते, माझ्या चारही खोल्यांतले दिसत होते.

“नाय गो काकी, तू बरोबर मारलंस,” मी म्हणालो. “वारो होतो. कोणाक आयकाक येवक नाय.”

त्यांनी माडांकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि माझा हात सोडला.